आधी खड्डा, मग कार्ड

परभणी
फेब्रुवारी २०२६

प्रिय सुन्या,

दिवाळीत तुझा फोन आला, मी "नंतर करतो" म्हणालो आणि ते नंतर आज उगवलंय. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, कारण पुढं सगळं माझंच पुराण आहे. आण्णांची शुगर आहे तिथंच, आईचे गुडघे आहेत तसेच. झालं.

तर गड्या, मी कॉम्प्युटर जोडतोय. दुकानासाठी नाही, खेळायला. इथं हे कुणाला सांगावं? दुकानात येणाऱ्याला पीक विम्याची पावती हवी असते आणि घरी आण्णा "खेळायचं वय आहे का" म्हणतात. शीतलला मी सांगून बघितलं की लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करता येईल. ती कणिक मळता मळता म्हणाली, "खेळायला घेताय ना? मग तसं म्हणा की." आणि वर बजेटही तिनंच ठरवलं, साठ हजार. मॉनिटर दुकानातला जुनाच. माझ्या डोक्यात ऐंशी होते, पण सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन शेतातच कुजलं. तुमच्याकडंही तेच झालं असं काकूंकडून कळलं.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. एएम फाइव्ह (एएमडीचं नवं प्रोसेसर सॉकेट) घे, पुढं प्रोसेसर बदलता येतो. लेका, एएम फाइव्ह बोर्डाला डीडीआर फाइव्ह रॅमच लागते, आणि रॅमचे भाव बघितलेस का? एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी बनवणाऱ्यांचा माल ओढून नेलाय, आणि मागच्या वर्षीच्या दुपटीवर आकडा ऐकवताना दुकानदाराला लाजही वाटत नाही. डीडीआर फोरही चढलीय, पण तिथं निदान बोर्ड आणि प्रोसेसर स्वस्तात सुटतात. म्हणून प्रोसेसर जुन्या सॉकेटचा, रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, पासष्ट वॅट. आपल्याला एवढं रग्गड झालं. मदरबोर्ड बी ५५०. बी ४५० स्वस्त पडतो, पण जुन्या बायोसचा (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) पडून राहिलेला माल गळ्यात पडला तर ५६०० चालूच होणार नाही, आणि बायोस अपडेट करायला आधी जुना प्रोसेसर कुणाकडून मागून आणायचा? नको.

मोह होतोय तो वेगळाच. ५६००जी. त्यात ग्राफिक्स आतच आहे, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड आत्ता घेतलंच नाही तरी पडद्यावर चित्र दिसतं. ५६०० ला कार्डाशिवाय चित्रच नाही. जी घ्यायचा, वर्षभर जुने गेम खेळायचे, पुढच्या सोयाबीनवर कार्ड. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण जी मध्ये एल थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) निम्मी, सोळा एमबी, ५६०० ला बत्तीस. शिवाय पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे कार्डाची जोडणी, जुन्या तिसऱ्या पिढीची. माझ्या यादीतलं आरएक्स ६६०० हे कार्ड त्या जोडणीच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, त्यामुळं तिथंही थोडा चिमटा बसतो. आणि पुढचं सोयाबीन येईलच हे कुणी सांगितलं? मी ५६०० वरच ठाम आहे. म्हणजे आज ठाम आहे.

संभाजीनगरचा एकजण जुनं कार्ड देतो म्हणत होता, "सर, फक्त ऑफिसमध्ये वापरलेलं." सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, ती सगळी बहुतेक ऑफिसातच होती! नवं घेणार, बिलासकट.

आता खरी काळजी. तुला ते गणपतीतलं आठवतंय ना? मंडळानं खांबावरून लाईट ओढली, दिवे मंद झाले, परत भगभगले, आणि तुझ्या पेंटियमच्या मागून फाट्कन आवाज आला. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) गेलाच, जाताना मदरबोर्डालाही घेऊन गेला. तू आजतागायत म्हणतोस की मी पायानं वायर हलवली. मी हजारदा सांगितलं, तो एसएमपीएस हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका होता, आणि वर स्टिकर साडेचारशे वॅटचा. काकांनी मात्र तुझंच ऐकलं. वर्षभर मला तुमच्या घरी चहासुद्धा अर्धा कप.

म्हणून यावेळी एसएमपीएस चांगल्या कंपनीचा, साडेपाचशे वॅटचा, वीज कमी वाया घालवणारा ब्राँझ मार्कवाला. ६६०० चं कार्ड एकशे बत्तीस वॅट खातं, सगळं मिळून तीनशेच्या आत बसतं, तरी हात आखडायचा नाही. पण एवढ्यानं भागत नाही. परवा मी दुकानातल्या कॉम्प्युटरच्या मागं अनवाणी उभा राहून कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या आल्या. मल्टीमीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये चाळीसच्या वर व्होल्ट. दोन-तीनपेक्षा जास्त नको असतात. वायरमनला बोलावलं. त्यानं घराच्या मागं उकरून बघितलं तर अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली, माती कोरडी ठणठणीत. म्हणे खड्डा नवीन करा, मीठ-कोळसा भरा, आणि उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी घाला. मे महिन्यात! परभणीत! आईनं ते ऐकलं आणि विचारलं, "नळाला पाणी आलं की आधी हंडे भरायचे का तुझा खड्डा?"

कॉम्प्युटरच्या भागांची यादी सांगणारी सगळी पोरं मुंबई-पुण्याची, त्यांच्या यादीत खड्डा नसतो. हजार व्हीएचा यूपीएसही नसतो. सहाशेवाल्याला जेमतेम साडेतीनशे वॅट झेपतात, गेम चालू असताना लाईट गेली तर तो कधी मान टाकेल सांगता येत नाही. खड्डा आणि यूपीएस मिळून बजेटातून एवढे पैसे जातात की कार्ड एक पायरी खाली आणावं लागेल, नाहीतर एसएसडी (गेम साठवायची डिस्क) पाचशे जीबीचीच. मी एसएसडी कापतोय. गेम काढू-घालू. तुला हे खुळ्यासारखं वाटेल, पण कार्ड पुढं बदलता येतं, जळालेला बोर्ड परत येत नाही.

कॅबिनेट पुढून जाळीचा घेतोय, काचेचा नाही. रंगीत दिव्यांचा एकही पंखा नको, दुकानदार कितीही दाखवू दे. पत्र्याखालच्या खोलीत पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेला की दिवे काय ओवाळायचेत?

आणि तू "जीटीए सिक्स हा गेम आला की घे" म्हणालास, ते नोव्हेंबरचं जाहीर झालंय फक्त प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. पीसीचं नावही काढलेलं नाही. त्याची वाट बघत बसलो तर पोरीचं लग्न होईल.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? आरोहीची शाळा बदलणार होतास, त्याचं काय झालं? वहिनींना नमस्कार. नोकरी ठीक असेल असं धरून चालतो.

एक काम कर. रविवारी तापकीर गल्लीकडं गेलास तर डीडीआर फोर, ३२०० ची सोळा जीबी विचार. आठ-आठच्या दोन हव्यात, दोन चॅनल मिळतात, म्हणजे रॅम जास्त वेगानं चालते. "एकच सोळाची घ्या, पुढं वाढवता येईल" असं म्हणतील, ऐकू नको. पक्कं जीएसटीचं बिल, सीरियल नंबर लिहिलेलं. आणि बिल शीतलच्या नावानं घे, माझ्या नाही. तिनं तशी अट घातलीय.

तुझा,
पव्या