अण्णांची पद्मिनी

पुणे,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुधीर,

दिवाळीत तू विचारलंस, ‘अण्णांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन काढून इलेक्ट्रिक किट बसवलं तर?’ तेव्हा मी ‘बघू’ म्हणून विषय टाळला. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून आज लिहायला बसलो. फोनवर एवढं सगळं सलग बोलणं होत नाही.

आधीच सांगतो, किट बसवू नकोस.

तू म्हणशील, स्वतः इलेक्ट्रिक गाडी घेतलीस आणि मला हे सांगतोस. त्या गाडीवर माझा जीव आहे, हे खरंच. चिंचवडला जाऊन-येऊन रोज चाळीसएक किलोमीटर होतात. रात्री पार्किंगमध्ये चार्जिंगला लावली की सकाळी तयार. तुझ्याकडे येताना खंबाटकी चढून पलीकडे उतरलो, तर उतारावर बॅटरी दोन टक्के वाढलेली! घाटात गाडीने काही परत द्यावं, हे आपल्या लहानपणी कोणी सांगितलं असतं तर पटलं असतं का?

त्याच घाटात तुझ्या अण्णांनी बॉनेट उघडून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओला पंचा टाकला होता, आठवतंय? मे महिना, पेट्रोलची वाफ धरून गाडी बंद पडलेली. आपण दोघं कठड्यावर बसून काकूंनी बांधून दिलेल्या दशम्या खात होतो आणि अण्णा तांब्यातून पंच्यावर थोडंथोडं पाणी सोडत होते. पाऊण तास गेला असेल. मग त्यांनी पंपाला तळहात लावून पाहिला, ‘झाला गार’ म्हणाले आणि पहिल्या सेल्फला गाडी सुरू. चिडचीड नाही, घाई नाही. गाडी ऐकायची असते हे मी त्या दिवशी पाहिलं.

किटची चौकशी मी नीट केली. ते एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे तपासून मंजूर झालेलं असावं लागतं आणि मग आरटीओत आरसीवर इंधन बदलल्याची नोंद करावी लागते. कागदाचं जमवता येईल. माझी खरी भीती पत्र्याची आहे. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा नाही, बॉडी हीच चासी. दिवाळीत ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून मी स्क्रूड्रायव्हर टेकवला तो आरपार गेला, तू बघितलंस. त्या पत्र्यावर बॅटरीचं वजन कसं टाकायचं? चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही १०८९ सीसीच्या इंजिनाच्या बेताचे.

दुसरं म्हणजे गाडी १९७४ ची, पन्नाशी ओलांडलेली. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. खरं तर मला ती नोंद आत्ता नकोच आहे, कारण त्यानंतर गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते आणि मला तिच्यातून तुझ्याबरोबर वाईला जायचंय. साधी नोंदणीच वाढवून घेऊ. पण पुढे तुझ्या मुलाला ती नोंद हवीशी वाटली तर?

तू मला इंग्लंडच्या प्रिन्स हॅरीच्या लग्नातल्या इलेक्ट्रिक जॅग्वारचा व्हिडिओ पाठवला होतास. २०१८ च्या लग्नातली ती ई-टाइप देखणी होती, कबूल. पण ई-टाइप जपायला जगभर माणसं आणि पैसा आहे. पद्मिनी घरोघरी होती, म्हणूनच ती कोणी जपली नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. ती बातमी वाचून मी तुला रात्री अकराला फोन केला होता. पद्मिनीचा कुर्ल्याचा कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलं.

नाना पेठेत एक मिस्त्री आहेत, सत्तरीचे. गेले काही शनिवार मी त्यांच्याकडे जाऊन बसतो. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची फट ते गेजने मोजतात, पण पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा कार्बोरेटर मात्र कानाने लावतात. बॉनेटवर वाकून स्क्रू पाव आटा फिरवतात, थांबतात, पुन्हा केसभर मागे घेतात आणि अडखळणारं इंजिन जात्यासारखं एकलयीत फिरायला लागतं. मला अजून तो पाव आटा सापडत नाही. त्यांच्या हाताखाली शिकायला आता कोणी पोरगा नाही. आपण इंजिन काढून भंगारात दिलं तर त्यांच्या कानात जे आहे ते कुठे वापरायचं, सांग?

धुराचं तू म्हणालास ते मात्र मला लागलं. पद्मिनीला धुरातली घाण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, तुझ्या नातीला दमा आहे आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून पद्मिनीकडून रोजचं काम घ्यायचंच नाही. तुझं बाजार-बँक-शाळा इलेक्ट्रिकवर कर, ती घेच. पद्मिनी वर्षाला चारपाचशे किलोमीटर, तेही गावाबाहेर. इलेक्ट्रिक आली की जुन्या गाड्या संपल्या, असं मलाही वाटायचं. आता उलट वाटतं. पन्नास वर्षं तिने तुमच्या घराचं ओझं वाहिलं, ते आता दुसऱ्या गाडीने घेतलं. आता कुठे तिला नुसती पद्मिनी म्हणून राहता येईल.

खर्च होईल, लपवत नाही. सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा. वरून पुट्टी भरून झाकायचं नाही, हे मी मिस्त्रींना बजावलंय. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर खराब होतं. म्हणजे पाइप आणि पंपातला रबरी पडदा नवा, टाकी उतरवून आतून साफ. इंजिनाचं हेड उघडलंच तर व्हॉल्व्हच्या सीटाही कडक धातूच्या बसवू, कारण हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं, तेव्हा शिसंच सीटा झिजू देत नसे. निम्मा खर्च माझा. यावर वाद घालू नकोस, अण्णांनी मला त्याच गाडीवर गिअर टाकायला शिकवलं.

२३ तारखेला, रविवारी, टोइंगची गाडी घेऊन येतो. चाकांत हवा भरून ठेव. आणि माळ्यावरच्या ट्रंकेत अण्णांची पेट्रोल-सर्व्हिसिंगची वही असेल, ती काढून ठेव. इंजिन शेवटचं कधी उघडलं होतं, असं मिस्त्री विचारत होते. ते अण्णांनी नक्की लिहून ठेवलेलं असणार.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय