आशिया चषकातील ‘लिंबूटिंबू’ संघ

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आशिया चषक आला की आपल्या क्रीडा पानावर नेपाळ, ओमान, हाँगकाँग या संघांना हटकून ‘लिंबूटिंबू’ म्हटले जाते. मी मैदानी क्रिकेटमध्ये तीसेक वर्षे स्कोअरर म्हणून वही सांभाळली आहे आणि हा शब्द मला दर वेळी खुपतो. गल्लीत लिंबूटिंबू कोणाला म्हणतात हे आपण सगळे जाणतो. कोणाच्या तरी धाकट्या भावाला खेळायला घ्यावेच लागते, मग तो आउट झाला तरी आउट धरायचा नाही. या संघांना अशी सवलत कोणी दिलेली नाही. ज्या स्पर्धेतून ते वर येतात तिच्याविषयी मराठीत फारसे छापून येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आशियाई क्रिकेट परिषदेने कसोटी न खेळणाऱ्या सदस्य देशांसाठी एकदिवसीय सामन्यांची एसीसी ट्रॉफी १९९६ मध्ये क्वालालंपूरला सुरू केली. पहिल्या स्पर्धेत जपान, थायलंड, मालदीव होतेच, शिवाय फिजी आणि पापुआ न्यू गिनीही खेळले. ती बांगलादेशने जिंकली. १९९८ मध्ये नेपाळला झालेली दुसरी स्पर्धाही त्यांनीच घेतली आणि २००० च्या नोव्हेंबरात ढाक्याला भारताविरुद्ध पहिली कसोटी खेळले. त्यांच्यामागून संयुक्त अरब अमिरातीने २००० ते २००६ या काळात सलग चार वेळा करंडक नेला. हाँगकाँग आणि अमिराती २००४ व २००८ च्या आशिया चषकात दिसले.

सगळे सामने चुरशीचे होते असे मी म्हणणार नाही. २००६ मध्ये पहिल्यांदाच आलेला म्यानमारचा संघ नेपाळपुढे १० धावांत गारद झाला आणि नेपाळने ते लक्ष्य दोन चेंडूंत गाठले. नेपाळच्या मेहबूब आलमने त्या दिवशी तीन धावांत सात बळी टिपले होते. (दोन वर्षांनी याच आलमने जर्सी बेटावर मोझांबिकचे दहाच्या दहा गडी एकट्याने बाद केले.) एवढी तफावत दिसल्यावर परिषदेने संघांची वरच्या व खालच्या गटात विभागणी केली, आणि ते योग्यच झाले. मला त्या म्यानमारच्या अकरा जणांचेही कौतुक वाटते. दहा धावांसाठी त्यांनी बारा षटके किल्ला लढवला. असे पान वहीत लिहिताना स्कोअररचा हात जड होतो.

अफगाणिस्तान या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तो २००४ मध्ये. पेशावरच्या निर्वासित छावण्यांत क्रिकेट शिकलेल्या मुलांच्या या संघाने २०१० मध्ये कुवेतला नेपाळला हरवून करंडक उचलला, आणि २०१८ मध्ये बंगळुरूला भारताविरुद्ध पहिली कसोटी खेळली. २०१७ मध्ये अफगाणिस्तानला कसोटी दर्जा मिळाला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक आपल्या मुंबईचा लालचंद राजपूत होता. पुढे तोच अमिरातीचा प्रशिक्षक झाला. वसईचा स्वप्नील पाटील अमिरातीचा यष्टिरक्षक म्हणून २०१५ च्या विश्वचषकात खेळला, पर्थला भारताविरुद्धच्या सामन्यातही होता. आपली माणसे या संघांत आहेत, मग त्यांच्या बातम्या आपल्याला परक्या का वाटाव्यात?

२०१२ च्या अंतिम सामन्यात नेपाळ आणि अमिराती यांच्यात बरोबरी झाली आणि करंडक दोघांना विभागून दिला गेला. त्यानंतर स्पर्धेचे नाव आणि रूप इतक्यांदा बदलले की नीट माग ठेवणेही अवघड झाले. २०२३ मध्ये ‘प्रीमियर कप’ या नावाने ती पुन्हा पन्नास षटकांची झाली, नेपाळमध्येच.

या २०२३ च्या स्पर्धेचा अंतिम सामना मी आमच्या कोपऱ्यावरच्या मोमोच्या गाडीपाशी पाहिला. १ मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. गाडीवरच्या नेपाळी तरुणाने वाफेच्या भांड्याला मोबाइल टेकवून ठेवला होता आणि पारीच्या चुण्या न बघताच घालत होता. कीर्तिपूरच्या मैदानाभोवतीचा उतार माणसांनी भरलेला, काही जण तर झाडांवर चढून बसलेले. पावसाने सामना दुसऱ्या दिवसावर गेला. अमिराती ११७ धावांत सर्वबाद. नेपाळचे तीन गडी झटपट गेले आणि त्या पोराचे हात थांबले. मग सतरा वर्षांच्या गुलशन झाने नाबाद ६७ धावा करून सामना जिंकून दिला. तीसेक षटके लागली, पण लागू दिली. ट्वेंटी-२० असता तर घाई करण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. या देशांच्या मुलांना डाव बांधायची सवय पन्नास षटकांतच लागते. म्हणूनच २०२४ मध्ये हीच स्पर्धा ट्वेंटी-२० ची झाली याचे मला वाईट वाटले.

त्या विजयाने नेपाळ पहिल्यांदा आशिया चषकात गेला आणि श्रीलंकेत पल्लेकेलेला भारताविरुद्ध त्यांनी २३० धावा केल्या. त्याआधी, २०१८ मध्ये दुबईला, हाँगकाँगच्या निझाकत खान आणि अंशुमन रथ यांनी भारताच्या २८५ धावांचा पाठलाग करताना १७४ धावांची सलामी दिली होती. भारत जिंकला तो २६ धावांनी. ती रात्र ज्यांनी पाहिली त्यांच्या तोंडी लिंबूटिंबू हा शब्द येणार नाही.

कीर्तिपूरच्या सामन्यानंतर सकाळी त्या तरुणाने मला विचारले, “अंकल, पेपर में आया क्या?” मी अंक दोनदा उलटसुलट करून पाहिला. एक ओळही नव्हती. त्याला काय सांगावे ते मला सुचेना.

माझी विनंती एवढीच आहे की, पुढची पात्रता स्पर्धा सुरू होईल तेव्हा क्रीडा पानाच्या तळाशी रोज चार ओळी द्याव्यात. कोण कोणाशी खेळले, किती धावा झाल्या, कोणी बळी घेतले, एवढे पुरे. अंतिम सामन्याचा मात्र संपूर्ण धावफलक छापावा. तो अंक मी स्वतः त्या गाडीवर नेऊन देईन.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)