‘देवदास’: आधी पुस्तक, मग पडदा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचनगटात ‘देवदास’ घेताय हे वाचून फार बरं वाटलं. आधी कादंबरी वाचावी की आधी सिनेमा बघावा, असं तू विचारलं आहेस. सिनेमा म्हणजे बिमल रॉय यांचा १९५५ चा, असं धरून लिहितो. भन्साळींच्या २००२ च्या सिनेमाकडे नंतर येतो.

आधी कादंबरीच वाचा. शरदबाबूंची, म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची, ही बंगाली कादंबरी १९१७ साली पुस्तकरूपात आली. प्रकरणं सोळाच आहेत, दोन निवांत बैठकांत संपते. आधी वाचा म्हणतो याचं कारण सिनेमाची निष्ठा. वैष्णवींना देऊन टाकलेले तीन रुपये, मध्यरात्री पारोचं, देवदासच्या बालमैत्रिणीचं, त्याच्या खोलीत येणं, माशाच्या गळाच्या काठीचा तडाखा, शेवटची बैलगाडी, सगळं पडद्यावर जागच्या जागी आहे. त्यामुळे सिनेमा आधी पाहिलेल्याला वाटतं की पुस्तक आपल्याला ठाऊकच आहे, आणि मग तो भराभर पानं उलटत जातो. खरा फरक असतो बारीकसारीक जागांत, आणि त्याच अशा वाचनात निसटतात.

सगळ्यात मोठा फरक वयाचा. पुस्तकात लग्नाची बोलणी निघतात तेव्हा पारो तेराएक वर्षांची आणि देवदास जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर. बापापुढे मान वर न करणं, कलकत्त्याला पळ काढणं, ‘तुझ्यावर प्रेम आहे असं मला कधी वाटलं नव्हतं’ अशा अर्थाचं पत्र टाकून मोकळं होणं आणि पत्र गेल्यावर पोटात गोळा उठणं, हे सगळं मिसरूड फुटलेल्या पोराचं वागणं आहे. १९५५ साली दिलीपकुमार बत्तिशीचे होते. तेच शब्द, तीच माघार, पण प्रौढ चेहऱ्यावर ती स्वभावातला दोष वाटते. दिलीपकुमारांनी तो दोष फार खोलवर नेला, आवाज खाली ठेवून, नजर चुकवून. भूमिका म्हणून ती अजोडच आहे, पण पुस्तकातला देवदास त्याहून कच्चा आणि म्हणून जास्त चीड आणणारा आहे. गटात कुणी ‘याच्यात प्रेम करण्यासारखं आहे तरी काय?’ असं विचारलं, तर त्याला गप्प करू नकोस. शरदबाबूंचा निवेदक स्वतःच मधे थांबून, सगळ्या बाजू तपासून मगच मत देणारी माणसं आणि क्षणात निकाल लावून मोकळी होणारी माणसं यांची तुलना करत बसतो. हा थंडपणा सिनेमात येऊ शकत नाही, कारण कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की आपण त्या माणसाच्या बाजूचे होऊन जातो.

देवदास-पारोचं लग्न का मोडतं, तेही नीट बघायला सांग. जमीनदार मुखर्जी आणि शेजारचे चक्रवर्ती दोघेही ब्राह्मण. पण चक्रवर्तींच्या घरात मुलीचे पैसे घ्यायची चाल, म्हणून ते हलके. शिवाय घराला घर लागून, त्यामुळे सोयरीक नको. पुस्तकात हे रोकड्या व्यवहारासारखं दोन-चार वाक्यांत येतं आणि अंगावर येतं. भन्साळींनी त्याचं भरजरी अपमाननाट्य केलं, कटकारस्थानं करणारी भावजय आणली, देवदासला कलकत्त्याऐवजी लंडनला शिकायला धाडलं. खलनायक हाताशी आला की देवदासचा स्वतःचा गुन्हा हलका होतो, माझा त्या सिनेमावरचा मुख्य आक्षेप हाच. काठीच्या जागी त्यांनी गळ्यातला हार दिला. पुस्तकात तो गळाच्या काठीनं पारोचं कपाळ फोडतो आणि लगेच स्वतःचा सदरा फाडून, भिजवून पट्टी बांधतो. जखमही त्याच हातानं, पट्टीही त्याच. हा प्रसंग गटात मोठ्यानं वाचा.

आता चंद्रमुखी, देवदासवर जीव लावणारी कलकत्त्याची कोठेवाली. तिला पुस्तकात बरीच पानं आहेत. कोठा सोडून ती अशथझुरी गावात मातीच्या घरात राहते, गावच्या शेतकऱ्यांच्या अडीनडीला उपयोगी पडते, आणि देवदासची खबर काढायला पायी त्याच्या गावी जाते. पारोची आणि तिची भेट मात्र शरदबाबू कधीच घडवत नाहीत. बिमल रॉय यांनी इथे एक जागा स्वतःची घातली: पारोची पालखी एका दिशेनं, चंद्रमुखी पायी दुसऱ्या दिशेनं, दोघी एकमेकींना बघतात, ओळख नाही, शब्द नाही. माझ्या मते पुस्तकात भर घालावी तर अशी. भन्साळींनी त्या दोघींना एकत्र नाचवलं, आणि कादंबरीत ज्या अंतरावर सगळं उभं आहे तेच बुजवून टाकलं. वैजयंतीमालांनी १९५५ च्या सिनेमातल्या या भूमिकेसाठी मिळालेलं सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर नाकारलं होतं. पुस्तक वाचल्यावर त्यांचं म्हणणं पटतं, चंद्रमुखी दुय्यम नाहीच.

दारूच्या ग्लासापाशी बसून गाणारा देवदासही पुस्तकात सापडणार नाही. तो दिग्दर्शक प्रमथेश बरुआंच्या १९३६ च्या हिंदी सिनेमातून आला, सैगलच्या गळ्यातून. त्या सिनेमाचं छायाचित्रण बिमल रॉय यांचंच होतं, म्हणून १९५५ च्या सिनेमात त्याची सावली जागोजागी दिसते. आपल्याकडे प्रभातमध्ये शांतारामबापूंनी १९३९ साली ‘माणूस’ काढला तो या देवदासी निराशेला उत्तर म्हणून, असं नेहमी सांगितलं जातं. वेळ उरला तर गटाला तोही दाखव.

शेवटासाठी निदान अर्धा तास राखून ठेव. जुना नोकर धर्मदास झोपलेला असताना देवदास पांडुआ स्टेशनवर उतरतो. पारोचं सासरचं गाव हातीपोता तिथून सोळा कोस, वाट खराब, बैलगाडीला दोन दिवस. ‘अजून किती?’ हे त्याचं विचारणं सिनेमात काळीज पिळवटतं. पण पारोच्या दारातल्या पिंपळाखाली तो मेल्यानंतर पुस्तक चालूच राहतं, आणि तिथे शरदबाबू जराही दया दाखवत नाहीत. पोलीस येतात, खिशातल्या पत्रांवरून आणि हातावर गोंदलेल्या अक्षरावरून ओळख पटवतात. परक्या गावात त्या ब्राह्मणाच्या प्रेताला कुणी हात लावत नाही. शेवटी चांडाळांकडून ते कसंबसं, अर्धवट जाळलं जातं. हे सगळं उरकल्यावर संध्याकाळी सावत्र मुलगा महेंद्र पारोला मेलेल्याचं नाव सांगतो. म्हणजे ती धावते तेव्हा धावून गाठण्यासारखं काही उरलेलंच नसतं. सिनेमाच्या मिटणाऱ्या दरवाजात ‘थोडक्यात चुकामूक झाली’ ही हळहळ आहे. पुस्तकात चुकामुकीचीही सोय नाही. शुद्धीवर आल्यावर पारो दासीला एवढंच विचारते, की ते रात्रीच आले होते ना, सबंध रात्र?

तेव्हा बैठकीत तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवा: गळाची काठी, रस्त्यावरची पालखी आणि पिंपळ. प्रत्येक वेळी आधी पान वाचा, मग तेवढाच तुकडा लावा. २००२ चा सिनेमा सगळ्यात शेवटी, नाहीतर त्या झगमगाटानंतर पुस्तक उगाच फिकं वाटतं. मराठीतली प्रत घेताना ती संक्षिप्त नाही ना, एवढं बघून घे. सोळा प्रकरणं आहेत का ते मोज. संक्षेप करणारे नेमका प्रेताचा भाग गाळण्याचा धोका असतो. शरदबाबूंची आणखी पुस्तकं कुणाला हवी झाली तर मामा वरेरकरांचे अनुवाद शोधायला सांग.

बैठक झाली की कोण काय म्हणालं ते सविस्तर कळव. चंद्रमुखीबद्दल काय बोलणं झालं ते तर नक्कीच.

तुझा,
अविनाश