नदीकाठी मुक्कामाला निघालेल्या लेकीस

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींबरोबर नदीकाठी मुक्काम करणार आहेस हे वाचून बरं वाटलं. जाऊ नकोस म्हणणार नाही. फक्त तंबू कुठे ठोकायचा ते ठरवताना माझं ऐक. बाकीच्या बऱ्याच चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

पाण्यालगतची सपाट, मऊ वाळू बघून सगळ्यांनाच मोह होतो. पण ती वाळू नदीनेच आणून टाकलेली असते, म्हणजे तिथवर नदी येऊन गेली आहे. काठावरची झुडपं नीट बघ. फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, काटक्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या, खोडावर सुकलेला गाळ. हे कधी कधी डोक्याच्याही वर दिसतं. पूर तिथपर्यंत चढला होता. तंबू त्या खुणेच्या वर आणि पाण्यापासून निदान ६० मीटर लांब हवा. पात्रातल्या बेटावर तर मुळीच नको, कारण पाणी वाढलं की आधी परतीची वाट बुडते. आणि वर बघायला विसरू नकोस: वाळलेली फांदी लटकत असेल, तर त्या झाडाखाली झोपायचं नाही.

तुमच्या डोक्यावर चांदणं असलं म्हणून निर्धास्त राहू नका. वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचा लोंढा काही तासांनीही खाली येतो. वर धरण असेल तर पावसाचीही गरज नाही, दरवाजे उघडले की झालं. म्हणून वरच्या भागातला अंदाज बघा आणि पाणी सोडणार आहेत का याची चौकशी करा. संध्याकाळी पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवून ठेवा. पाणी काठीच्या पुढे सरकलं, निवळ पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत येऊ लागला किंवा नदीचा आवाज वाढला, की लगेच वर चढायचं. सामान आवरत बसायचं नाही. वर जायची वाट उजेडातच प्रत्येकीने पायाखालून घालून ठेवा.

पोहायचा मोह होईलच. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर पाणीही मोठ्या माणसाला पाडतं. ओढीत सापडलीस तर उभं राहायची धडपड करू नकोस. पाय दगडांच्या खाचेत अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. पाठीवर हो, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेव आणि तिरकी काठाकडे सरक. कुणी वाहून जाताना दिसलं तर मागोमाग उडी मारायची नाही. दोर टाका, लांब काठी पुढे करा, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. मैत्रीण बुडताना काठावर थांबणं फार कठीण असतं, मला कळतं. तरीही थांब. वाचवायला उतरलेलेच बुडाल्याच्या बातम्या नेहमी वाचतो आपण.

चुलीला नदीतले ओले दगड लावू नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. स्टोव्ह तंबूत पेटवायचा नाही, कितीही थंडी असो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विस्तव वाळूखाली पुरून उठू नका, खाली निखारे तासन्‌तास धुमसतात आणि अनवाणी पाय त्यावर पडतो. पाणी ओता, ढवळा, हाताला गार लागेपर्यंत पुन्हा ओता.

आणि साबण नदीत नको. ‘निसर्गात विघटन होणारा’ असं वेष्टनावर लिहिलेलं असलं तरी त्याचं विघटन मातीत होतं, पाण्यात तो माशांना त्रासच देतो. भांडी, अंघोळ सगळं बादलीत पाणी घेऊन लांब. शौचासाठीही तेवढंच लांब जा, वीतभर खोल खड्डा करून बुजवा. खाली कुणीतरी तेच पाणी भरत असतं. तुम्हीही प्यायचं पाणी खळखळून निदान एक मिनिट उकळा.

तिथे मोबाइलला रेंज असेलच असं नाही. तेव्हा निघण्याआधी मुक्कामाची नेमकी जागा, सोबतच्या मुलींचे नंबर आणि परतायची वेळ मला लिहून पाठव. उशीर झाला तर किती वाजल्यापासून चौकशी सुरू करायची, तेही तूच ठरवून सांग.

तुझी,
आई