नोंदी हव्यात, तर आधी विचारा

महोदय,

संशोधनासाठी आरोग्याची माहिती द्यायला लोक कचरतात म्हणून त्यांना अडाणी ठरवले जाते, हे मला मुळीच पटत नाही. इंग्लंडमध्ये दवाखान्यांतील नोंदी एकत्र करणारी ‘केअर डॉट डेटा’ योजना २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. माहिती कोणाच्या हाती जाणार, विमा कंपन्यांना मिळणार का, नकार कसा द्यायचा, हे लोकांना धड सांगितलेच नव्हते. ब्रिटनमधल्याच ‘यूके बायोबँक’ या आरोग्य-संशोधन प्रकल्पाला मात्र २००६ ते २०१० या काळात सुमारे ५ लाख लोकांनी आपणहून रक्ताचे नमुने आणि माहिती दिली. तिथे आधी विचारले होते, लेखी संमती घेतली होती आणि केव्हाही बाहेर पडायची मुभा होती.

‘नाव काढून टाकले आहे’ एवढे आश्वासन पुरत नाही. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवूनही माणूस ओळखता येतो. (दुर्मीळ आजार असेल तर फारच सहज.)

अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या ओळीखाली घेतलेली सही ही संमती नव्हे. माझी नोंद कोणी, कशासाठी वापरली आणि त्यातून काय हाती लागले, हे मला साध्या भाषेत कळवा. मी माझी माहिती आनंदाने देईन.

– एक वाचक