उद्यमनगरातल्या मिस्त्रीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या दुकानातून निघताना धड आभारही मानता आले नाहीत. घसा दाटला होता. म्हणून आज लिहितेय.

हे गेल्यापासून ट्रॅक्टर मीच चालवते. ऐन ऊसतोडीत सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारला की कधी इंजिन लागायचं, कधी नुसतं खर्रर्र वाजायचं. एका मिस्त्रीनं दोनदा सेल्फ बदलायला लावला. दुसऱ्यानं फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगेचे झिजलेले दाते वेल्डिंगनं भरले, ते पंधरा दिवसांत उडाले. पैसे गेले, जाऊ देत. पण दोघंही चारचौघांत म्हणाले, "बाईमाणसाला सेल्फ मारायचा अंदाज नसतो, दाते तुम्हीच खाल्ले." मला ते खरंच वाटायला लागलं होतं. चावी फिरवताना हात कापायचा. ट्रॅक्टर उभा करायला आधी उतार शोधायची.

तुम्ही जुनी रिंग छिन्नीनं फोडून काढलीत आणि भंगारात टाकायच्या आधी माझ्या हातात दिलीत. "बोट फिरवा, ताई." एका जागी दाते बोथट, मग बराच भाग नव्यासारखा, पुन्हा बोथट. सारख्या अंतरावर तीन जागा. तुम्ही म्हणालात, "तीन सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनला, म्हणजे सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेला, अडतं, ते या तीन जागांपैकीच एकीवर थांबतं. सेल्फचा पिनियन, म्हणजे त्याचं छोटं दातेरी चाक, दरवेळी तिथंच घुसतो. कुणीही चालवला असता तरी इथंच झिजली असती. तुमच्या हाताचा दोष नाही."

काका, वर्षभर हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. गिअरमध्ये टाकून वीतभर ढकलला की ट्रॅक्टर का लागायचा, तेही तिथंच उमगलं: रिंग थोडी फिरून चांगले दाते समोर यायचे.

नवी रिंग फुगून चाकावर बसावी म्हणून तापवताना पोरगा ज्योत एकाच जागी धरून बसला, तेव्हा तुम्ही केवढ्यानं ओरडलात, "निळी पडली की दात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेलं!" रिंग बसल्यावर मला घाई होती, फडात टोळी खोळंबली होती. तरी तुम्ही पाणी ओतून थंड केली नाहीत. आपोआप निवू दिलीत, तोवर मला चहा पाजलात. कामात अशी सचोटी असलेली माणसं बोलण्यातही कुणाला कमी लेखत नाहीत, असं मला तेव्हापासून वाटतं.

ती फोडलेली रिंग मी मागून आणली होती, आठवतं? गोठ्यात खुंटीला टांगलीय. परवा लेकीला ट्रॅक्टर शिकवायला घेतला, तेव्हा चावीच्या आधी तीच तिच्या हातात दिली.

तुमची,
ट्रॅक्टरवाली ताई