दृढीकरण की निरोपसमारंभ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की आपल्या पुरवणीत कॅम्पातल्या रोषणाईची छायाचित्रे, केकसाठी लागलेल्या रांगा आणि ‘मराठी ख्रिस्ती समाजाचे योगदान’ असा एखादा लेख ठरलेला असतो. त्यात बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक, पंडिता रमाबाई ठरलेल्या क्रमाने येतात आणि गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनची आठवण १८९० साली लोकमान्य टिळक-रानडे आदींनी तिथे घेतलेल्या आणि वादंग उठवणाऱ्या चहापुरती निघते. तक्रार नाही. राज्यात एक टक्काही नसलेल्या समाजाला एवढी जागा मिळते हेही खूप झाले. पण त्याच चर्चच्या बाकांवर आज बसणारी, किंवा बसेनाशी झालेली, विशी-पंचविशीतली मुले काय विचार करतात हे कुणी विचारत नाही. खरे तर आम्ही घरचेच विचारत नाही, म्हणून हे पत्र.

इतर वाचकांसाठी थोडे सांगते. आमच्याकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याच्या वतीने आईबाप आणि धर्ममातापिता वचने देतात. मूल जाणते झाले की तीच वचने त्याने मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने द्यायची आणि बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, याला दृढीकरण म्हणतात. म्हणजे आईबापांचा विश्वास मूल आपला म्हणेल की नाही हा प्रश्न चर्चने फार पूर्वीच ओळखला होता आणि त्यासाठी एक दिवसही राखून ठेवला होता. आम्ही त्या दिवसाचे काय केले? ‘दहावीचे क्लास सुरू व्हायच्या आत उरकून टाकू.’ दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार (आम्ही काय मानतो त्याची ठरावीक कबुली) घडाघडा म्हणून दाखवला की झाले. मुलींना पांढरे फ्रॉक, मुलांना नवे सूट, बिशपांबरोबर फोटो, दुपारी बिर्याणी. पुढच्या रविवारपासून त्यातली बरीच मुले दिसत नाहीत. मी वर्षानुवर्षे रविवारच्या शाळेत शिकवले आहे. ज्याला आम्ही प्रवेश म्हणतो तो पुष्कळांसाठी निरोपसमारंभ ठरतो.

यावर आमच्या पिढीची उत्तरे तयार असतात. मोबाइल. हिंजवडी-खराडीच्या शिफ्टा. इंग्रजी फेलोशिपमधली, म्हणजे इंग्रजीत चालणाऱ्या प्रार्थनागटांतली, गिटार. यात तथ्य नाही असे नाही; शनिवारी रात्रपाळी करून आलेल्या मुलाला सकाळच्या उपासनेला उठवणे किती अवघड असते ते मी घरी पाहिले आहे. पण रात्रपाळी करणारी काही मुले येतात आणि घरी लोळणारी येत नाहीत, याचा उलगडा शिफ्टने होत नाही.

मला वाटते, मुले येत नाहीत कारण त्यांना खरोखर पडलेले प्रश्न आमच्याकडे मांडताच येत नाहीत. एकच उदाहरण घेते, पण ते पुरते घेते. कॉलेजात कुणीतरी हमखास विचारते, “तुम्ही मूळचे कोण? दुष्काळात धान्यासाठी बाटले ना तुमचे आजे-पणजे?” मूल घरी येऊन हाच प्रश्न आईबापांना करते. बहुतेक घरांत एक तर बाप भडकतो, नाहीतर आई विषय बदलते. खरे उत्तर अवघड आहे, पण लाजिरवाणे मुळीच नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला, पुढे १८९६-९७ चा आणि १९०० चा. मिशनने माणसे जगवली, आणि त्या वर्षांच्या आगेमागे नगर, जालना भागांत अनेक घरे ख्रिस्ती झाली. त्यांतली बरीचशी घरे गावकुसाबाहेरची होती. भुकेल्याला भाकरी मिळाली आणि त्याच हाताने त्याला आपल्याशेजारी जेवायलाही बसवले. त्यातून माणसाला देव दिसला, तर त्यात भाकरी किती आणि देव किती असे तराजूत घालून कोण सांगणार? पणजोबांचे जे कारण होते ते पणजोबांचे. “तुझे कारण काय?” असे आम्ही मुलाला विचारायला हवे. आम्ही मात्र पणजोबांच्या बचावातच गुंततो.

त्याला लागूनच दुसरी गोष्ट येते, जी चर्चमध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना मिळाला. पुढे १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्त्यांना अजून नाही. त्यामुळे काही घरांत कागदावर एक धर्म असतो आणि रविवारी दुसरा. त्या आईबापांना मी दोष देणार नाही. शिष्यवृत्ती आणि नोकरी यांचा तो सवाल होता, आणि धर्म बदलल्याने जात सुटली असे गावाने कधी मानले नाही. पण मुले हे पाहतात. त्यांच्याशी त्याबद्दल बोलायचेच नाही आणि ‘सत्य तुम्हाला बंधमुक्त करील’ हे वचन मात्र पाठ करायला लावायचे, हे चालत नाही. त्यात रविवारच्या जेवणावर कमिटीची निवडणूक आणि मालमत्तेचे कज्जे यांखेरीज चर्चचा विषय निघत नसेल, तर मुलांनी काय आपले मानायचे?

आता ज्यांची नावे आपण पुरवणीत छापता त्या रमाबाईंविषयी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वेळी त्यांच्या चिमुकल्या मनोरमेचाही झाला. एकीने विचार करून घेतला, दुसरीला कुणी विचारले नव्हते. पुढे रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे विधवांसाठी काढलेले त्यांचे शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले त्या सुमाराचा हा काळ. ज्यांनी हिंदू शास्त्रे कोळून प्यायली होती, ज्या परमुलखात बिशप-पंडितांशी वाद घालत होत्या, त्यांना बाप्तिस्म्यानंतरही आठ वर्षे लागली. आणि त्यानंतरच्या रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलींना घर दिले. आमच्या पोरांना मात्र आम्ही पंधराव्या वर्षी, परीक्षेच्या आधी, खात्री बाळगायला सांगतो.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, त्या झाल्या नाहीत. आधी वेगळ्या राहिल्या, मग त्याच्या घरी परत येऊनही स्वतःचे सोवळे सांभाळले. त्यांचे मन त्यांच्या गतीने वळले आणि मगच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी घाई केली असती तर मराठी ख्रिस्ती समाजाला एक आज्ञाधारक पत्नी मिळाली असती, लक्ष्मीबाई मिळाल्या नसत्या.

शास्त्राचा आधार हवा असेल तर तोही आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे इस्राएलांच्या सुटकेची आठवण म्हणून पाळायच्या, सणाची आज्ञा देतानाच बायबलातल्या निर्गम या पुस्तकात म्हटले आहे की मुले विचारतील, “या विधीचा अर्थ काय?” तेव्हा त्यांना सांगा. प्रश्न गृहीत धरलेला आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवर येशू भेटलेली एक बाई गावात जाऊन त्याच्याविषयी सांगते, तेव्हा शोमरोनातले लोक पुढे तिला म्हणतात की, आता केवळ तुझ्या सांगण्यावरून नव्हे, आम्ही स्वतः ऐकले म्हणून विश्वास ठेवतो. यावर त्या बाईला राग आल्याचे योहानाने लिहिलेले नाही!

इंग्रजी फेलोशिपकडे गेलेल्या मुलांविषयीही एक सांगते, कारण त्यांची बाजू घेतल्याचा आरोप माझ्यावर होतोच. तिथे केरळची, ईशान्येची मुले भेटतात, मोकळेपणा असतो, आठवड्यातल्या संध्याकाळी कुणाच्या तरी फ्लॅटवर बसून प्रार्थना होते, हे चांगले आहे. पण सगळ्या शंकांचे उत्तर टाळ्यांच्या गजरात मिळत असेल, नोकरी-पगारवाढ हा विश्वासाचा पुरावा ठरत असेल, तर तो विश्वासही उसनाच. आईबापांकडून घेण्याऐवजी व्यासपीठावरून घेतला एवढेच. आणि काही मुले सगळेच सोडतील. त्याचे दुःख होते, पण ज्यांना ‘नाही’ म्हणायची मुभाच नव्हती त्यांच्या ‘होय’चे मला फारसे कौतुक राहिलेले नाही.

माझ्या सूचना दोनच आहेत. दृढीकरणाला वयाची अट न ठेवता, मूल स्वतः मागेल तेव्हा करावे. विसाव्या वर्षी मागितले तर विसाव्या वर्षी, आणि तोवर ‘यांच्या मुलाचे अजून झाले नाही’ अशी कुजबुज करू नये. दुसरी, वर्गाच्या पहिल्याच रविवारी मुलांना कोरे कागद देऊन नाव न घालता प्रश्न लिहायला सांगावे, आणि वर्ग त्या प्रश्नांवर चालवावा. आमच्या पाळकसाहेबांना मी हे सांगितले. त्यांना पटले. “कमिटीपुढे ठेवू,” म्हणाले. कमिटीपुढे ठेवलेल्या गोष्टीचे काय होते हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको, म्हणून आपल्याकडे पाठवत आहे.

नाव छापू नये ही विनंती. कमिटीत आमचे व्याही आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
खडकी, पुणे